एक गोल, त्रेचाळीस वाटा

दार एकच होतं, आणि त्याच्या मुठीवर हात पडले दोन.

"तुम्ही आधी," तो म्हणाला.

ती आत शिरली आणि उंबरठ्यातच थांबली. बाहेर बोचरी थंडी, आत चहाच्या किटलीची वाफ. चष्म्याच्या दोन्ही काचा क्षणात पांढऱ्याफटक झाल्या. तिनं चष्मा काढून स्वेटरच्या बाहीकडे नेला, तोच मागून घाईघाईनं आवाज आला –

"अहो, बाहीनं नको! चरे पडतात."

आवाजामागून एक मऊ फडकं पुढे आलं. तिनं काचा पुसल्या, चष्मा चढवला. समोर तिशीतला एक माणूस उभा होता. विसकटलेले केस, खिशाला अडकवलेला बारीक स्क्रू-ड्रायव्हर, आणि तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघणं.

"डावा दीड, उजवा पावणेदोन," तो म्हणाला.

"काय?"

"तुमचा नंबर. लांबचं दिसत नाही ना?"

ती चक्रावली. "कसं ओळखलंत?"

"काचेतून गालाची कड आत सरकलेली दिसते. जितकी जास्त सरकते, तितका नंबर मोठा." एवढं बोलल्यावर आपण परक्या बाईच्या गालाबद्दल बोलतोय हे त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे... चष्म्याचं दुकान आहे माझं. मी गाल नाही, कड बघत होतो."

"उजवा दोन आहे," ती शांतपणे म्हणाली.

"मग मागच्या वेळी कुणीतरी जास्त दिलाय. दुकानात या, तपासून देतो."

तिला हसू आलं नाही. तिला कुतूहल वाटलं, आणि तिच्या बाबतीत ते हसण्यापेक्षा पुढचं पाऊल होतं.

ती वेधशाळेत नोंदी करायची. तापमान, वाऱ्याची दिशा, किती लांबचं दिसतं ते. आणि या रविवारी ती फुटबॉल क्लबच्या खोलीत आली होती ती एका गोलसाठी.

बारा वर्षांपूर्वी याच मैदानावर प्लेऑफचा सामना झाला होता. जो जिंकेल तो वरच्या गटात. आपले पिवळे विरुद्ध पाहुणे निळे. सामना सुरू होताना धुकं उतरलं ते उठलंच नाही. शेवटी शेवटी पिवळ्यांनी एकच गोल केला आणि वर गेले. कॅमेऱ्यात पांढऱ्या धुराशिवाय काही आलं नाही, म्हणून क्लबनं आता ठरवलं होतं की ज्यांनी सामना पाहिला त्यांच्या आठवणी गोळा करायच्या आणि भिंतीवर लावायच्या. क्लबचे सेक्रेटरी पूर्वी रेफ्री होते. गळ्यातली शिट्टी त्यांनी अजून उतरवली नव्हती, म्हणून सगळे त्यांना शिट्टीकाका म्हणत. त्यांना नीट लिहून घेणारं कुणीतरी हवं होतं. ती आपण होऊन आली.

कारण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी ते तास-तास बोलत, त्यांना धीर देत. घरी आले की तोंडाला कुलूप. अपवाद एकच – तो गोल. साखरेचं भांडं म्हणजे गोलकीपर, चमचे म्हणजे बचावफळी, आणि सुपारीएवढा पावाचा गोळा म्हणजे चेंडू. "चेंडूनं एक टप्पा घेतला, जरासा विचार केला, आणि आत गेला!" दहा वर्षं तिनं हे ऐकलं. बाबा जाऊन आता दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी ते नेमके कुठे उभे होते, तिथून त्यांना काय दिसलं असेल, एवढंच तिला शोधायचं होतं.

टेबलावर तिनं मोठा कागद पसरला. वर मैदानाचा मापात काढलेला नकाशा. जो येईल त्यानं आपण बसलो होतो तिथे पिवळी टाचणी लावायची आणि चेंडू कसा गेला ते पेन्सिलीनं काढायचं. डबीत एक लाल टाचणी होती. ती तिनं आधीच बाजूला काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. बाबांसाठी.

*

पहिल्याच रविवारी खोली भरली. काय एकेकाच्या आठवणी! कुणाच्या मते चेंडू डावीकडून आला, कुणाच्या मते उजवीकडून. कुणी डोक्यानं मारलेला पाहिला, कुणी टाचेनं. एका गृहस्थांनी तर चेंडू आधी खांबाला, मग रेफ्रीला लावून आत घातला.

"त्या दिवशीच्या रेफ्रींना मी ओळखत होतो. त्यांना काही लागलं नव्हतं," शिट्टीकाका म्हणाले.

"तुम्हाला दिसलं नसेल. धुकं होतं."

"आणि तुम्हाला दिसलं?"

"लख्ख!"

ती सगळं लिहून घेत होती. वेधशाळेच्या जुन्या वहीतली त्या दिवसाची नोंद तिला पाठ होती: दुपारी चारनंतर पन्नास मीटरच्या पलीकडचं दिसत नव्हतं. गोल झाला पश्चिमेच्या टोकाला. पूर्वेच्या पायऱ्या तिथून शंभर मीटरच्या वर. म्हणजे पूर्वेकडच्या एकालाही तो गोल दिसणं शक्य नव्हतं, आणि लख्ख पाहिलेले निम्म्याहून जास्त लोक पूर्वेकडचेच होते.

तिनं ते वहीतच ठेवलं. वितळू नये म्हणून बर्फाला हात लावत नाहीत, तसा तिनं त्या आठवणींना धक्का लावला नाही.

मग बस चालवणारे एक काका आले. ते पश्चिमेला, गोलच्या अगदी मागे उभे होते. त्यांनी पेन्सिलीनं एक सरळ, साधी रेघ ओढली.

"चेंडूनं एक टप्पा घेतला," ते म्हणाले, "जरासा विचार केला, आणि आत गेला."

तिची पेन्सिल थांबली. "हे... हे वाक्य तुमचं आहे?"

"मग कुणाचं? बारा वर्षं बसमध्ये सांगतोय. माझे रोजचे उतारू माझ्याआधी म्हणतात!"

बाबा त्याच बसनं कामावर जायचे. तिनं वहीत समासात एक प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढची टाचणी उचलली.

खोलीच्या कोपऱ्यात चष्मेवाला बसलेला असायचा. म्हाताऱ्या मंडळींच्या ढिल्या दांड्या आवळून द्यायचा, नाकावरच्या गाद्या बदलायचा. फुकटात. दर रविवारी यायचा, सगळ्यांचं ऐकायचा, स्वतः कागदाजवळ फिरकायचा नाही.

"काय वेधशाळा, आज पाऊस?" तो विचारायचा.

"मी अंदाज सांगत नाही. झालेलं लिहून ठेवते."

"म्हणजे तुमच्याकडे उद्याचं काहीच नाही?"

"उद्याचं तुमच्याकडे असेल. तुम्ही गालावरून नंबर ओळखता."

"नंबर ओळखतो हो. मनात काय आहे ते कुठल्या काचेतून दिसतं ते अजून सापडलं नाही."

तिनं खाली बघून उगाचच एक रेघ दोनदा गिरवली.

दुसऱ्या रविवारी बेकरीवाल्या मावशी आल्या. पूर्वेच्या पायऱ्यांवर पस्तीस वर्षं त्यांची जागा ठरलेली. हातात बनपावांची पिशवी, तोंडाचा पट्टा सुरू.

"गोलचं काय विचारतेस गं? गोल आम्हाला कुठे दिसला! आम्ही तर चार मिनिटं हरलो होतो."

"म्हणजे?"

"अगं, आम्हाला दिसायची ती फक्त गुणांची पाटी, आमच्याच कोपऱ्यात होती ती. शून्य-शून्य. पलीकडून एकदम आरडाओरडा. आता निळ्यांची माणसंही तिकडेच, मग कळणार कसं कोण ओरडतंय? सगळे पाटीकडे बघतोय. आणि त्या पाटीवाल्यानं, मेल्यानं, एकचा आकडा लावला पाहुण्यांच्या खाली!"

शिट्टीकाकांनी हातातला कप खाली ठेवला.

"चार मिनिटं. पूर्वेकडे सुई पडली तरी ऐकू आली असती. माझ्या शेजारचं पोरगं रडायला लागलं. कितीतरी लोक उठून घरी गेले गं, आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस सोडून. मग आकडा बदलला. नेहमीच्या पाटीवाल्यानं बदली कोण होता ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. तो मला एकदा सापडू दे. त्याला भट्टीत घालते."

कोपऱ्यात काहीतरी टिणकन वाजलं. चष्मेवाल्याच्या हातातला स्क्रू पडला होता. तो बराच वेळ टेबलाखाली शोधत राहिला. तीळभर स्क्रूला इतका वेळ? तिनं मनात नोंद केली.

मावशी गेल्यावर ती टाचण्यांची डबी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "तुमची टाचणी राहिली."

"मला काही दिसलं नाही."

"मावशी सोडल्या तर इतक्या लोकांत असं म्हणणारे तुम्ही पहिले," ती म्हणाली. "प्रामाणिक आहात."

त्यावर तो हसायला हवा होता. त्यानं मान खाली घातली.

*

चौथ्या रविवारी कागदावर त्रेचाळीस वाटा झाल्या होत्या आणि खिडकीबाहेर काहीच नव्हतं. धुकं उतरलं होतं. खोलीत आले ते दोघंच.

"चला," ती उठली. "पन्नास मीटर म्हणजे किती ते मला डोळ्यांनी बघायचंय."

पूर्वेच्या कोपऱ्यात, जुन्या पाटीच्या रिकाम्या चौकटीखाली ती उभी राहिली. गवत ओलं होतं, चौकटीवरून थेंब टपकत होते. तो पश्चिमेकडे चालू लागला, मोठ्यानं पावलं मोजत. "वीस... एकवीस..." त्याचा कोट राखाडी झाला. "चाळीस..." मग नुसती सावली. "एक्कावन्न... बावन्न..."

आणि तो नव्हता.

"दिसतोय?" धुक्यातून आवाज आला.

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

मग – "बरं झालं. आता सांगतो. पाटी मी लावली होती."

ती जागची हलली नाही.

"माझा मामा पाटीवाला होता. त्या दिवशी तापानं फणफणला, म्हणून मी गेलो. वीस वर्षांचा होतो. पाटीच्या मागे उभं राहून आकडे अडकवायचे असतात. नावं पुढच्या बाजूला, मागे कोरी फळी. मामानं मागे खडूनं खुणा केल्या होत्या, पण धुक्यानं फळी भिजली, खडू पुसला गेला. क्लबचा माळी धावत आला, 'आपला गोल!' एवढं सांगून परत पळाला. पुढून बघितलं तर आपले डावीकडे. मी मागे उभा, आणि लावला डावीकडेच."

"मागून ते उजवीकडे यायला हवं होतं."

"हो. आणि चष्म्याच्या कोर्समध्ये त्याच आठवड्यात शिकलो होतो, प्रतिमा उलटी कशी पडते ते." आवाज हसला, पण धड नाही. "मागे उभा राहून मी वाट बघतोय, लोक नाचतील म्हणून. कुणीच ओरडेना. मला वाटलं, आनंदानं वाचा बसली यांची. चार मिनिटांनी माळी परत आला, त्यानं कपाळ बडवून घेतलं, तेव्हा कळलं. मामानं मरेपर्यंत माझं नाव सांगितलं नाही. सगळ्या शिव्या त्यानं खाल्ल्या. मी दर रविवारी स्क्रू आवळतो. दुसरं काय करू?"

दुसऱ्या कुणी 'जाऊ दे हो' म्हटलं असतं. तिनं विचारलं, "किती वाजले होते?"

"पाच वाजून पाच मिनिटं ते पाच वाजून नऊ. विसरणं शक्य नाही. सव्वापाचला शेवटची शिट्टी."

"माझे बाबा एरवी पूर्वेला उभे राहायचे," ती म्हणाली.

धुक्यातून पावलं आली, न मोजलेली. तो समोर आला तेव्हा ती फाटकाच्या दिशेनं निघाली होती.

*

घरी तिनं माळ्यावरची पेटी उतरवली. सतरा वर्षांची असताना ती खिडकीतल्या थर्मामीटरवरून रोज संध्याकाळी साडेपाचला नोंद करायची. एक दिवस चुकवला नव्हता. तिनं ती तारीख काढली.

'साडेपाच. तापमान नऊ. धुकं दाट, समोरचा खांब दिसत नाही. बाबा घरी.'

मैदान ते घर, पायी बावीस मिनिटं. ती वाट तिनं शेकडो वेळा चाललेली होती. साडेपाचातून बावीस वजा केले की पाच वाजून आठ.

त्या चार मिनिटांच्या आत. बाबा हरून घरी आले होते. त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं, आणि साखरेचं भांडं, चमचे, तो विचार करणारा चेंडू – सगळं बसमधून उचललेलं.

तिनं वही मिटली. पुढचं वाचलंच नाही. त्या दोन दिवसांत वेधशाळेत तिनं वाऱ्याची दिशा एकदा चुकीची लिहिली, जे आजवर कधी झालं नव्हतं.

बुधवारी दुपारी चष्म्याच्या दुकानाची घंटी वाजली. तो काउंटरमागे काच घासत होता. तिला बघून मशीन बंद केलं.

"दोन दिवस मी तुमच्यावर चिडले होते," ती म्हणाली. "बाबांवरही. निम्मं निम्मं."

"हक्क आहे तुमचा." तो हळू म्हणाला. "आणि तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी पुढच्या ओळी वाचल्या." तिनं वही काउंटरवर उघडून त्याच्याकडे फिरवली. "वाचा. मोठ्यानं."

तो वाचू लागला. "'बाबा गप्प आहेत. मग विचारलं, तू रोज हे काय लिहितेस? दाखवलं. विचारलं, धुकं म्हणजे नेमकं असतं तरी काय? चित्र काढून सांगितलं. त्यांनी मधे तीनदा प्रश्न विचारले. पावणेसहाला रस्त्यावर हॉर्न, पिवळे जिंकल्याचा ओरडा. बाबा एका चपलेवर पळाले.'"

"ते संभाषण मला आठवत होतं," ती म्हणाली. "पण मी ते कुठल्यातरी सुट्टीच्या दुपारी नेऊन ठेवलं होतं. उन्हात! धुक्याबद्दलचं बोलणं, आणि माझ्या आठवणीत ऊन. मी त्या त्रेचाळीस जणांना मनात हसत होते. चव्वेचाळिसावी वाट माझीच वाकडी निघाली."

तो ऐकत होता. दुकानात भिंतभर रिकामे चष्मे होते, सगळे जणू तिच्याकडे तोंड करून.

"त्याआधी बाबांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. पाटी बरोबर असती तर ते शिट्टीपर्यंत थांबले असते, मग मित्रांबरोबर नाचले असते. घरी आले असते ते जेवायला. आणि मी कदाचित बँकेत असते." ती थांबली. "तुम्ही त्यांचा गोल घेतलात. मला पाव तास मिळाला. वजाबाकी करून बघितली. जमत नाही. म्हणून माफही करत नाही आणि आभारही मानत नाही."

"मग?"

"मग उजवा डोळा तपासा."

त्यानं तिला खुर्चीवर बसवलं. जड चौकट नाकावर आली. त्याची बोटं कानामागे क्षणभर टेकली आणि दचकून मागे गेली.

"हे बरं... की हे?"

"पहिलं."

"आता? हे... की हे?"

"तुम्ही मधे उभे आहात. अक्षरं दिसत नाहीत."

"काय दिसतंय?"

"एक घाबरलेला चष्मेवाला. कडा एकदम स्पष्ट."

तो बाजूला झाला. कान लाल. काचा बदलत गेला आणि शेवटी एक काच तशीच ठेवून म्हणाला, "पावणेदोन."

"असं कसं! मी दोन वर्षं जास्त नंबर घालत होते?"

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"ठीक आहे. तुमचं एक बरोबर, एक चूक." ती उठली. "पण मावशींना तुम्हीच सांगायचं. रविवारी. सगळ्यांसमोर."

त्याचा चेहरा उतरला. "अहो, अख्खी पूर्व बाजू माझी गिऱ्हाइकं आहेत!"

"मग सगळ्यांना एकाच वेळी सांगून होईल."

*

रविवारी खोली गच्च होती. शिट्टीकाकांनी कागद भिंतीवर चढवला होता. चष्मेवाला उठला, डबीतून पिवळी टाचणी घेतली, आणि ती पूर्वेच्या कोपऱ्यात, पाटीच्या मागच्या बाजूला टोचली. मग वळून, एका दमात, सगळं सांगितलं. मामाचं नाव दोनदा घेतलं.

पुन्हा तीच शांतता, तिला वाटलं, मागे उभं राहून यानं ऐकली होती ती. तिनं घड्याळ बघितलं नाही.

मावशी सावकाश उठल्या. त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मेल्या," त्या म्हणाल्या, "आणि सहा वर्षं माझा चष्मा तूच आवळतोयस?"

"हो, मावशी."

"अरे, त्याच चष्म्यातून मी तुला शोधत होते की रे!" त्यांनी आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मग पिशवीतून बनपाव काढून त्याच्या हातात कोंबला. "मामाच्या फोटोला माझ्याकडून हार घाल. बिचाऱ्याला काय काय बोलले मी."

बसवाले काका हसायला लागले, मग शिट्टीकाकांनी कारण नसताना शिट्टी फुंकली, आणि खोलीत एकच गलका झाला. पाच मिनिटांत त्या चार मिनिटांच्याही आठ आठवणी तयार झाल्या.

त्या गर्दीतून ती भिंतीपाशी गेली. पर्समधली लाल टाचणी काढली. पूर्वेच्या पायऱ्यांवर ती टेकवून पाहिली, पण टोचली नाही. मग तिनं कोऱ्या कागदाचा एक तुकडा नकाशाच्या कडेला चिकटवला, त्यावर रस्ता काढला, मापात, बावीस मिनिटांचा. टोकाला एक घर, घराला खिडकी. लाल टाचणी तिथे लावली.

तो शेजारी येऊन उभा राहिला. अर्धा बनपाव तिच्यापुढे धरला.

"तिथून काय दिसतं?" त्यानं हळूच विचारलं.

"समोरचा खांबही नाही." ती टाचणीकडे बघत होती. "पण त्यांनी प्रश्न विचारले होते. तीन."

"मी एक विचारू?"

"विचारा."

"त्या दिवशी धुक्यात... मी चालत लांब गेलो तेव्हा. तुम्हाला काय वाटलं?"

तिनं विचार केला. खरं तेच सांगायची तिला सवय होती.

"बावन्नाव्या पावलाला तुम्ही दिसेनासे झालात. मला ते आवडलं नाही. तेव्हा कारण कळलं नाही, म्हणून लिहिलं नव्हतं."

"आणि आता?"

"आता लिहिणार आहे." बनपावाचा तुकडा तिनं घेतला, आणि त्याचा हात सोडला नाही. "धुकं असेल तेव्हा बावन्न पावलांच्या आत राहायचं."

"आणि धुकं नसेल तेव्हा?"

बाहेर मैदानावर ऊन पडलं होतं. शंभर मीटरवरचा गोलचा खांब लख्ख दिसत होता. तिनं नवा चष्मा नाकावर नीट बसवला.

"तेव्हा," ती म्हणाली, "त्याहून जवळ."